नक्षी सुचते कशी?

(मंडळाच्या मासिक सभेत वाचून दाखविलेले भाषण)



दर महिन्याला एका सभासद भगिनीने ग्रंथालयातील एखादे पुस्तक वाचावे आणि त्याविषयी चार शब्द बोलावे, असा आपल्या मंडळाचा शिरस्ता आहे. आजवर येथे कादंबऱ्यांवर बोलणे झाले, प्रवासवर्णनांवर झाले, एकदा तर पाकपुस्तकावरही झाले. माझ्या वाट्याला आले ते नक्ष्यांचे पुस्तक. रंगीत नक्ष्या काढून आपल्या अंगची सर्जनशीलता कशी वाढवावी, हे त्यात सांगितले आहे. चिटणीसबाईंनी ते माझ्या हाती देताना म्हटले, "तुम्ही दारात रोज रांगोळी घालता, तेव्हा हे तुम्हीच न्या." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सर्जनशीलता हा शब्द वर्तमानपत्रात वाचला होता, पण तो तोंडाने उच्चारावयाची वेळ आजच आली. आपल्या घरच्या भाषेत त्याला सोपा शब्द आहे. उरलेल्या भातातून नवा पदार्थ करणारीला, जुन्या साडीतून पोरीचे परकर-पोलके बेतणारीला आपण म्हणतो, "हिला सुचतं हो!" मी आज बोलणार आहे ते या सुचण्याबद्दल.

पुस्तकाचे नाव मुद्दाम सांगत नाही. मला त्याची जाहिरात करावयाची नाही, आणि अशी पुस्तके हल्ली पुष्कळ निघतात, त्यांत थोडाफार फरक असतो इतकेच. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांना आपल्या कपाटात ते मिळेलच.

पुस्तक उघडले आणि पहिल्याच पानावर मी अडले. तेथे लिहिले आहे की, चित्रकला येत नसली तरी नक्षी कोणालाही काढता येते. मला हे आधी खरे वाटले नाही. शाळेत चित्रकलेच्या तासाला आमच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवीत आणि तो हुबेहूब काढा म्हणत. माझा तांब्या नेहमी एका बाजूने फुगलेला. त्यामुळे 'आपल्याला चित्रकला नाही' हे मनाने घेतले ते घेतलेच. आपणांपैकी पुष्कळजणींचे असेच असेल. पण विचार करता करता ध्यानात आले की, तांब्या आणि नक्षी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्र कशासारखे तरी दिसावे लागते. नक्षीला कशासारखे दिसावे लागत नाही. तिने फक्त एकदा घेतलेला नियम शेवटपर्यंत पाळावा लागतो. एक वेडावाकडा ठिपका घ्या, अगदी रांगोळीची चिमूट सांडली तर पडतो तसा. तसाच दुसरा शेजारी काढा, तिसरा काढा, असे बारा काढा. बाराव्यापाशी पोचता पोचता त्या वेड्यावाकड्याची किनार झालेली असते. एकट्या ठिपक्याला जी चूक म्हटले असते, ती बारांची झाली की लोक तिला नक्षी म्हणतात. मी हे फरशीवर करून पाहिले, म्हणून सांगते.

आता या किनारीबद्दलच जरा सविस्तर सांगते, कारण पुस्तकातला हाच भाग मला सगळ्यांत आवडला. आपण साडीच्या दुकानात जातो तेव्हा वाटते, किनारींचे प्रकार तरी किती असतील! नारळी, रुईफुली, मोरांची, वेलांची, देवळांची, मोजदाद नाही. आकारांची मोजदाद खरोखरच नाही. पण एकच आकार पुन:पुन्हा काढून लांब पट्टी तयार करण्याच्या रीती मात्र सातच आहेत. आठवी रीत कोणाला सापडलेली नाही आणि कधी सापडणारही नाही, असे गणिताने सिद्ध झालेले आहे. माझी धाकटी लेक गणित घेऊन बी. एस्सी. करते आहे. तिला विचारले तर म्हणाली, "आई, हे आम्हांला खूप अवघड करून शिकवतात." मी तिला म्हटले, "तू मला सोपे करून सांग, मी मंडळात सांगते."

तर ऐका. सगळे मोर एकाच दिशेला तोंड करून एकामागून एक चालले आहेत, ही पहिली आणि साधी रीत. नुसते सरकवायचे, दुसरे काही नाही. दाराच्या तोरणातली आंब्याची पाने पाहा. प्रत्येक पान मधोमध उभे दुमडले तर डावी-उजवी बाजू जुळते. ही दुसरी. तिसरीत मासे एकामागून एक पोहत आहेत असे समजा. ते डोक्यापासून शेपटीपर्यंत आडवे दुमडले तर जुळतात, पण उभे दुमडून जुळत नाहीत, कारण डोके आणि शेपूट सारखे नसते. चौथी रीत इंग्रजी एस या अक्षराची. एसची रांग काढा आणि कागद उलटा फिरवा. खालचे वर गेले तरी रांग जशीच्या तशी दिसते, मात्र आरसा लावून ती जुळणार नाही.

पाचवी रीत तर आपल्या पायाखालची आहे. गौरी येतात तेव्हा आपण दारापासून देव्हाऱ्यापर्यंत पावले काढतो. काहीजणी दोन्ही पावले जोडीने शेजारी शेजारी काढतात. ती माशांच्या रीतीत बसतात. पण ज्या बाई चालत येणारी गौर काढतात, म्हणजे आधी डावे, मग थोडे पुढे उजवे, मग पुन्हा डावे, त्यांची किनार निराळी होते. त्यात प्रत्येक पाऊल पुढे सरकतेही आणि पालटतेही. दोन्ही एकदम. जोडीच्या पावलांपेक्षा ही पावले चालताना का दिसतात, हे मला इतकी वर्षे कळत नव्हते. नुसते दिसत होते. वेलीला एकदा वर एकदा खाली पान फुटते, तीही हीच रीत. सहावी म्हणजे आपली नागमोडी रेघ. आणि सातवीत गोल फुलांची रांग. ती कशीही दुमडा, कशीही फिरवा, जुळतेच. झाल्या सात.

हे कळल्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग असा की, तुमच्याजवळ एकच कोयरी असली तरी तिच्या सात किनारी होतात. कोयरीचे टोक वाकडे असते, ती कोठूनही दुमडून जुळत नाही, म्हणून ती या कामाला फार चांगली. एक सरळ रांग, मग समोरासमोर जोड्या, मग खाली तिचे प्रतिबिंब, मग एक उभी एक उलटी, मग पावलांसारखी. मी एका दुपारी जुन्या वहीत सातही काढल्या. त्यांतल्या दोन मी आजवर कोणत्याही साडीवर पाहिलेल्या नव्हत्या. त्या माझ्या डोक्यातून आल्या असे म्हणावे तर तसेही नाही. रीत धरून चालत गेले आणि त्या वाटेवर सापडल्या. पट्टीऐवजी सगळी जागा भरावयाची असेल, म्हणजे साडीच्या अंगावर किंवा फरशीवर, तर सातांच्या सतरा रीती होतात. त्या सतरा मी काही येथे सांगत बसत नाही, चहा निवून जाईल.

या सतरांची एक हकीकत मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. सतराच आहेत हे फेदोरोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने 1891 मध्ये सिद्ध केले. पुढे 1924 मध्ये पोल्या नावाच्या गणितज्ञाने त्यावर लेख लिहिला आणि सतराही नक्ष्या चित्रे काढून दाखविल्या. तिकडे हॉलंडमध्ये एशर म्हणून एक चित्रकार होते. शाळेत गणितात कच्चे, शेवटच्या परीक्षेत नापास झालेले. ते 1936 मध्ये पत्नीसह स्पेनमधील ग्रानाडा गावी अल्हांब्रा नावाचा जुना मुसलमानी राजवाडा पाहावयास गेले. त्याच्या भिंतींवर रंगीत फरश्यांच्या नक्ष्या आहेत. नवरा-बायको दोघे तेथे दिवसचे दिवस बसून त्या उतरवून घेत राहिले. पत्नीचे नाव येट्टा. पुस्तकात तिचे नाव एका ओळीत येऊन जाते. मी मात्र ती ओळ दोनदा वाचली. पुढल्या वर्षी एशरांच्या भावाने, ते भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते, पोल्यांचा तो लेख त्यांच्या नजरेस आणला. त्यातले गणित एशरांना फारसे समजले नाही. त्यांनी फक्त चित्रे पाहिली, ती सगळी हाताने उतरवली, रंगवली आणि त्यांची रीत हाताला बसवली. मग त्यांनी फरश्यांच्या जागी पक्षी, मासे, सरडे काढले. असे की एकाची कडा तीच दुसऱ्याची कडा, मध्ये रिकामी जागा म्हणून नाही. पांढरे पक्षी उजवीकडे उडत आहेत आणि त्यांच्यामधल्या फटी म्हणजे डावीकडे उडणारे काळे पक्षी! ही चित्रे जगभर गाजली.

मला या हकीकतीतून काय दिसले ते सांगते. त्यांनी आधी उतरवले आहे. उतरवण्याला मी नावे ठेवीत नाही. आपण सगळ्या आईच्या, मावशीच्या, शेजारणीच्या रांगोळीवरूनच शिकलो. पण उतरवताना त्यांनी आकार नुसता घेतला नाही, आकारामागची रीत घेतली, आणि मग पुस्तक मिटले.

आता आपल्या ठिपक्यांकडे येऊ. पुस्तकात यावर दोनच पाने आहेत. लिहिणारी बाई परदेशातली असावी, तिला दोष नाही. मध्ये 7 ठिपके, आणि दोन्ही अंगांना एकेक कमी करीत 4 पर्यंत, अशी मांडणी आपणांपैकी प्रत्येकीने केली असेल. 4, 5, 6, 7, 6, 5, 4, असे ते 37 ठिपके होतात आणि सहा बाजूंची आकृती आपोआप उभी राहते. पट्टी नको, कंपास नको. आपल्या आज्यांना भूमितीचे नावही ठाऊक नव्हते, पण षट्कोन त्यांच्या बोटांत होता. ठिपके म्हणजे लिहिण्याआधी आखलेल्या ओळीच होत. अक्षर ज्याचे त्याचे, ओळी सगळ्यांना सारख्या. ज्यांना कोऱ्या फरशीची भीती वाटते त्यांची भीती ठिपके घातले की निम्मी कमी होते, कारण मग 'काय काढू' हा प्रश्न राहत नाही. 'कोणता ठिपका कोणाला जोडू' एवढाच राहतो.

तमिळनाडूत याला कोलम म्हणतात. तेथे तांदळाच्या पिठाने ठिपके घालतात आणि एका प्रकारात रेघ ठिपक्यांना न शिवता त्यांच्या भोवतीने वळत वळत जाते. मद्रासमध्ये गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन या गणिताच्या अभ्यासकांनी 1974 मध्ये कोलमवर शोधनिबंध लिहिला. थोड्याशा नियमांतून यंत्राला अशा आकृत्या कशा काढता येतील, असा त्यांचा विषय होता. संगणकशास्त्रात या कामाला मान आहे. तिघांतल्या दोघी बाया, हे मी सांगितले नाही तरी आपण विचारणारच. पाहा, ज्या गोष्टीला घरातली माणसे 'सकाळचा दारातला पसारा' म्हणतात आणि जिच्यावरून चपला नेतात, तिच्यात काय विद्या भरलेली आहे.

रंगांचे प्रकरण मोठे आहे. त्यातली एकच गोष्ट सांगते, कारण ती तुम्हांला ब्लाउजपीस घेतानाही कामास येईल. शंभर-दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा राजाश्रयाचा कारखाना होता. तेथे भिंतीवर लावण्याचे चित्रपट विणीत. शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ 1824 पासून त्या रंगशाळेचे प्रमुख होते. त्यांच्याकडे तक्रार आली की, काळा रंग नीट चढत नाही, निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या चित्रात काळा धागा फिका दिसतो. त्यांनी दुसरीकडचे उत्तम काळे धागे आणून ताडून पाहिले. धाग्यात काही उणे नव्हते. दोष शेजाऱ्याचा होता! निळ्याच्या शेजारी बसला की तोच काळा मळकट दिसे. रंग एकटा कधीच दिसत नाही, तो शेजारासकट दिसतो, हे त्यांनी पुढे 1839 मध्ये मोठा ग्रंथ लिहून जगाला दाखविले. घरी करून पाहावयाचे असेल तर राखेची एक चिमूट लाल रांगोळीच्या मधोमध टाका आणि तेवढीच हिरव्याच्या मधोमध. राख एकाच चुलीतली, पण लालातली हिरवट दिसेल आणि हिरव्यातली तांबूस.

हे वाचले आणि मला सासूबाई आठवल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. गोधडी शिवावयास घेतली की त्या आधी सगळे तुकडे जमिनीवर मांडीत, मग दूर जाऊन उंबऱ्यात उभ्या राहत आणि डोळे बारीक करून पाहत. "हा पिवळा तिथं ओरडतोय, त्याला तिकडं न्या," असे आम्हां मुलींना सांगत. पिवळा तोच, पण चॉकलेटी तुकड्याशेजारी नेला की गप्प बसे. त्यांना दुकानातून रंग निवडून आणता येत नव्हते. घरात जी लुगडी फाटली तेच त्यांचे रंग. मला वाटते, त्यांना इतके सुचत होते ते याच अडचणीमुळे. हल्ली रांगोळीच्या रंगांच्या छत्तीस पुड्या मिळतात आणि छत्तीसच्या छत्तीस आपण एका मोरावर खर्च करतो. पुस्तकातही एक धडा फक्त तीन रंगांचा आहे. तो मला बाकी सगळ्या रंगीत पानांपेक्षा सरस वाटला.

पुस्तकात न पटणारेही आहे. मागली वीस-पंचवीस पाने तयार नक्ष्यांची आहेत. रेघा छापलेल्या, आपण नुसते रंग भरावयाचे. 2015 च्या सुमारास मोठ्या माणसांसाठी अशा रंगवावयाच्या वह्यांची जगभर लाट आली होती, आपल्याकडेही त्या आल्या. पुस्तक म्हणते, त्याने मन शांत होते आणि सर्जनशीलताही वाढते. मन शांत होते, यात संशय नाही. मी चार पाने रंगवली, डोके हलके झाले. पण वाटाणे सोलतानाही माझे डोके असेच हलके होते. विसावा ही मोठी गोष्ट आहे, आपल्या वाट्याला तो कमीच येतो, तेव्हा तेवढ्यासाठी कोणी ती पाने रंगवली तर आनंदाने रंगवावी. सुचणे मात्र त्याने वाढते असे मला वाटत नाही. त्यात ठरवावयाचे ते सगळे दुसऱ्या कोणी ठरवलेले असते. आपल्या चैत्रांगणाशी ताडून पाहा. त्यातही चिन्हे ठरलेली आहेत: देव्हाऱ्यातली गौर, सूर्य, चंद्र, शंख, कासव, तुळशीवृंदावन, गोपद्म, फणी-करंडा. पण कोणते कोठे मांडावे, केवढे काढावे, मधल्या जागेचे काय करावे, हे काढणारीचे काम. म्हणून दोन घरची चैत्रांगणे सारखी कधी दिसत नाहीत.

आता मी हे पुस्तक इतके मनावर का घेतले ते सांगते. गेल्या वेळच्या आपल्या रांगोळी-स्पर्धेत दोन मोर शेजारी शेजारी आले होते, आपणांस आठवत असेल. दोघांचा पिसारा एकाच ठिकाणी तुटलेला. मोबाईलवरचे चित्र एकच होते आणि ते चित्रच तेथे कापलेले होते. सगळ्या हसल्या, मीही हसले. परीक्षक बाईंनी बिचाऱ्यांनी जिचे रंग बाहेर गेले नव्हते तिला नंबर दिला; दुसरे त्या करणार तरी काय?

पण त्या दिवशी मला खटकले ते वेगळेच. आमच्या मजल्यावर एक काकू आहेत. वय सत्तरीच्या पुढे. दार आणि जिना यांच्यामध्ये दोन फूट जागा, पण त्या जागेत रोज नवी रांगोळी असते. कालच्या रांगोळीतला एक ठिपका वाढवतात किंवा एक वळण उलटे घेतात, की आजची निराळी झाली. पुस्तकाने दोनशे पानांत जे सांगितले आहे ते त्या रोज पहाटे दूध येण्यापूर्वी करतात. मी त्यांना स्पर्धेत या म्हणून सांगितले, तर म्हणाल्या, "माझी काय बघण्यासारखी असते? मला मोर येत नाही." मोर येत नाही म्हणून त्या आल्या नाहीत. आणि एकदा मी त्यांच्या दारात उभी असताना खालच्या मजल्यावरच्या एका शिकलेल्या मुलीने कौतुकाने विचारले, "आजी, किती छान! कुठून काढलीत?" काकू म्हणाल्या, "पाहिली होती बाई कुठंतरी." भगिनींनो, ती रांगोळी त्यांनी माझ्यादेखत, दोनदा पुसून, तिसऱ्यांदा जुळवली होती. ती जगात कोठेही नव्हती. तरी ती आपली आहे असे म्हणावयास त्यांना संकोच वाटला. चांगले असेल तर ते कोठून तरी आणलेलेच असणार, असे विचारणारीलाही वाटले आणि करणारीलाही. मुलीने प्रेमाने विचारले होते, म्हणून तिच्यावर रागवावे असेही नाही.

मी घरी आले आणि बराच वेळ मला हेच वाटत राहिले की, अशा किती गोष्टी आपण 'पाहिली होती कुठंतरी' म्हणून दुसऱ्याच्या नावावर टाकून दिल्या असतील. पदार्थ, विणीचे टाके, ओव्या, रांगोळ्या. माझ्या आईच्या ठिपक्यांच्या दोन वह्या होत्या. ती गेल्यावर त्या रद्दीत गेल्या, कारण त्यांवर कोणाचे नाव नव्हते आणि कोणाला त्या 'पुस्तक' वाटल्या नाहीत.

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. अध्यक्षाबाईंच्या कानावर मी ती आधीच घातली आहे. यंदाच्या स्पर्धेत नेहमीचे विभाग तसेच असू द्यावेत. छापे आणि जाळ्या वापरणाऱ्यांना मी मुळीच नावे ठेवीत नाही. ज्या बाईला सातची गाडी गाठावयाची असते तिच्या दारात जाळीने का होईना दोन मिनिटांत रांगोळी उमटते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण एक नवा विभाग ठेवावा. प्रत्येकीला 5 ओळींत 5 असे 25 ठिपके घालून द्यावेत. रंग तीन: पांढरा, कुंकवाचा लाल आणि तिसरा जिचा तिने निवडावा. वेळ एक तास. मोबाईल पिशवीत. आणि रांगोळी झाल्यावर परीक्षकांनी प्रत्येकीला आपली रीत तोंडाने सांगावयास लावावी. कोणता नियम धरला, कोठे अडले, कोठे पालटले, एवढेच. बक्षिसाची वाटी लहान असली तरी चालेल.

यावर एका भगिनीने मला विचारले, "पंचवीस ठिपक्यांत वेगळे वेगळे असे किती निघणार? सगळ्यांचे सारखेच येईल." मी हिशेब करून पाहिला, म्हणजे लेकीकडून करवला. शेजारच्या दोन ठिपक्यांमध्ये आडवी किंवा उभी रेघ काढावयाची, तिरकी धरलीच नाही, तर अशा 40 जागा निघतात. प्रत्येक जागी रेघ काढावयाची की नाही, हे आपल्या हाती. एका जागेला दोन पर्याय, दोन जागांना चार, तीन जागांना आठ, असे दुप्पट करीत चाळिसाव्या जागेपर्यंत गेले तर आकडा एक लाख कोटीच्या वर जातो. त्यांतल्या पुष्कळ नुसत्या फिरवलेल्या असतील, पुष्कळ कुरूप असतील, हे कबूल. तरी आपल्या मंडळातल्या सगळ्यांना पुरून उरतील. रंगांचा हिशेब यात धरलेला नाही.

काकूंना मी पुन्हा सांगितले आहे. त्यांनी अजून हो म्हटलेले नाही, पण "मोर नाही ना काढायचा?" असे दोनदा विचारून घेतले.

चहाच्या वेळी मी या कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसणार आहे. पंचवीस ठिपक्यांचे कागद आणले आहेत आणि आरशाचे दोन लहान तुकडेही आणले आहेत. ते पुस्तक उघडल्यासारखे उभे धरून मध्ये रांगोळीची चिमूट टाकली की फूल दिसते. काटकोनात उघडले तर चार पाकळ्यांचे, थोडे मिटले की सहांचे, आणखी मिटले की आठांचे. लहानपणी बांगड्यांच्या काचा घालून शोभादर्शक केला असेल, त्याचीच ही युक्ती आहे. ब्रूस्टर नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने तो 1816 मध्ये शोधला. आरशाच्या कडा मी कागदाने चिकटवल्या आहेत, तरी लेकरांच्या हाती देऊ नये. नव्या विभागासाठी ज्यांना नावे द्यावयाची आहेत त्यांनी ती आजच चिटणीसबाईंकडे द्यावीत, म्हणजे ठिपके घालण्यासाठी फरशी किती धुवावी लागेल ते आम्हांला कळेल.